टीव्ही अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही दुरुस्तीच्या निमित्ताने परभणी, बीड, लातूर, हिंगोलीकडून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एका जागी उतरवले आहेत. वाचण्याआधी एक बघून घ्या: तुमच्या घरात चित्र कशातून येतं? केबलच्या तारेतून, महिन्याला रिचार्ज लागणाऱ्या डीटीएचच्या छत्रीतून, की रिचार्ज न लागणाऱ्या फ्री डिशच्या छत्रीतून? हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

१. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यात नेमका फरक काय?

अ‍ॅनालॉगमध्ये चित्र आणि आवाज लहरींच्या चढउतारात बसवून पाठवत. लहर वाटेत जेवढी कमजोर व्हायची तेवढं चित्र बिघडायचं. आधी मुंग्या यायच्या, मग एकाला लागून दुसरं चित्र दिसायचं, मग रंग जायचा. तरीही बातम्या ऐकू यायच्या आणि स्कोअर वाचता यायचा.

डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करतात, ते आवळून पाठवतात आणि घरातला बॉक्स ते पुन्हा उलगडतो. आकडे पुरेसे पोचले तर चित्र स्वच्छ. थोडे कमी पडले की चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो. आणखी कमी पडले की सरळ ‘नो सिग्नल’. जुन्या माणसांना याचाच राग येतो, आणि तो बरोबर आहे: पूर्वी अर्धंमुर्धं तरी दिसायचं.

डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. साध्या दर्जाचं चॅनल ४३ इंची पडद्यावर धुरकटच दिसणार. त्यात बॉक्सचा किंवा टीव्हीचा दोष नाही.

२. भारतात अ‍ॅनालॉग टीव्ही कोणत्या तारखेला बंद झाला?

अशी एकच तारीख नाही. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ ला थांबलं, जपानने जुलै २०११ मध्ये बहुतेक देशभर थांबवलं. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या वेळी झाल्या आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली गोष्ट केबलची. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा १९९५ चा. त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि केबलवाल्याने सेट टॉप बॉक्समधूनच चॅनल द्यायचे, असं चार टप्प्यांत सक्तीचं केलं. त्याआधी २००३ मध्ये ‘कॅस’ नावाने असाच प्रयत्न झाला होता, पण तो काही महानगरांपुरताच राहिला.

दुसरी गोष्ट दूरदर्शनच्या मनोऱ्यांची. घरावरच्या अँटेनाला चित्र देणारी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं प्रसार भारतीने, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, टप्प्याटप्प्याने बंद केली. मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रं सोडून बाकीची ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं जाहीर झालं होतं. या दुसऱ्या गोष्टीची आपल्याकडे फारशी चर्चाच झाली नाही. तोवर बहुतेक घरांवर छत्री आली होती, आणि ज्यांच्या घरावर आली नव्हती त्यांना विचारायला कोणी गेलं नाही.

३. आमच्या गावाचा टप्पा कोणता होता?

पहिला टप्पा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईचा. त्याची मुदत ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत लांबली. दुसरा टप्पा दहा लाखांवर वस्तीच्या ३८ शहरांचा, मुदत ३१ मार्च २०१३. मराठवाड्यातून त्यात एकच शहर होतं, तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर.

नांदेड, लातूर, परभणी, जालना, बीड, धाराशिव, हिंगोली आणि बाकीच्या नगरपालिकांची गावं तिसऱ्या टप्प्यात. मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती, पण प्रकरणं ठिकठिकाणच्या न्यायालयांत गेली आणि शेवटी ती ३१ जानेवारी २०१७ पर्यंत वाढवून मिळाली. उरलेला सगळा ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात, मुदत ३१ मार्च २०१७. म्हणजे संभाजीनगरात सिडकोतल्या घरी बॉक्स आला आणि पैठण तालुक्यातल्या मामाच्या गावी आणखी चार वर्षं बॉक्सशिवाय तार चालली, हे नियमाला धरूनच होतं.

४. केबल तर चांगली चालली होती. हे सगळं करायची गरज काय होती?

एक कारण जागेचं. अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनलला जेवढी जागा लागते, तेवढ्यात साध्या दर्जाची आठ-दहा डिजिटल चॅनल बसतात. जुन्या तारेतून शंभराच्या आसपास चॅनल जायची, ती मर्यादा डिजिटलने मोडली.

खरं कारण मात्र हिशेबाचं होतं. अ‍ॅनालॉग तारेला किती घरं जोडली आहेत हे फक्त केबलवाल्याला ठाऊक. तो वर सांगताना घरं कमी सांगायचा, त्यामुळे चॅनलवाल्यांचे पैसे आणि सरकारचा करमणूक कर दोन्ही बुडायचे. शिवाय मर्यादित जागेत आपलं चॅनल बसावं म्हणून चॅनलवालेच केबल कंपन्यांना पैसे मोजायचे. बॉक्स आल्यावर प्रत्येक घराची नोंद झाली. ग्राहकाला निवड मिळाली हेही खरं, पण आधी फायदा कोणाचा झाला असं विचाराल तर उत्तर चॅनलवाले आणि कर घेणारे.

५. घरावर अजून जुना अँटेना आहे. त्यावर काही लागेल का?

लागणार नाही, असंच धरून चाला. मराठवाड्यात अँटेनाची तोंडं ज्या मनोऱ्यांकडे असायची त्यांत अंबाजोगाईचा आणि खुलताबादजवळच्या म्हैसमाळचा हे दोन ठळक. केज-धारूरकडची माणसं अजूनही ‘अंबाजोगाईचं लागायचं’ असं म्हणतात. ते अ‍ॅनालॉग प्रसारण आता इतिहासजमा आहे.

इथे एक अपवाद लोक आवर्जून विचारतात. दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ पासून १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रसारण सुरू केलं आणि त्या यादीत औरंगाबाद होतं. ते डीव्हीबी-टी२ या पद्धतीचं. त्यासाठी तशा ट्यूनरचा टीव्ही किंवा मोबाइलला जोडायचा डोंगल लागायचा. आपल्याकडच्या दुकानांत हे डोंगल शोधून सापडत नसत आणि टीव्हीवाल्यांनी तो ट्यूनर घालण्याची तसदी घेतली नाही. दुसऱ्या देशांत जुन्या अँटेनाला एक स्वस्त बॉक्स जोडून लोक फुकट डिजिटल बघतात. आपल्याकडे ती वाट नीट तयारच झाली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या बदलातली मोठी चूक तीच. अँटेनाच्या जागी व्यवहारात आली ती फ्री डिश (प्रश्न ७).

पोल काढावा का? काढा. निदान घरात आलेली पट्टीची वायर तरी तोडून टाका. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा किती पडतात ते सांगायला नको. छतावर सगळ्यांत उंच लोखंडी नळी, तिची वायर थेट घरात आणि उपयोग शून्य, हे कशाला ठेवायचं?

६. जुना डबा टीव्ही भंगारात द्यावा लागेल का?

नाही. डिजिटल व्हायचं असतं ते प्रसारणाला, ते समजून घ्यायचं काम बॉक्स करतो. टीव्ही फक्त पडदा. चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यातून निघालेले रंगीत टीव्ही अजून कितीतरी घरांत चालतात आणि बॉक्सवर उत्तम दिसतात.

जोडणी अशी: टीव्हीच्या मागे किंवा बाजूला पिवळं, पांढरं, लाल भोक असेल तर बॉक्सची तीन रंगांची पिन रंगाला रंग लावून बसवा आणि रिमोटवर एव्ही दाबा. काही टीव्हींना लाल भोक नसतं, तिथे पिवळी आणि पांढरी पुरे. अगदीच जुना संच असेल आणि फक्त अँटेनाचं भोक असेल, तर आरएफ आउट (अँटेनाच्या भोकात जाणाऱ्या वायरचं तोंड) असलेला बॉक्स घ्या किंवा मधे आरएफ मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र त्या भोकातून जाईल असं करणारी डबी) लावा, मग टीव्हीवर ते एक चॅनल शोधून ठेवा. माणसं लांबुडकी किंवा फुगलेली दिसत असतील तर बिघाड समजू नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार ४:३ करा, रुंद एलईडीला १६:९ करा.

७. फ्री डिश खरंच फुकट आहे का? आमच्याकडे एकजण महिन्याला पैसे मागतोय.

त्याला देऊ नका. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, बसवणाऱ्याची मजुरी द्यायची, संपलं. रिचार्ज नाही.

खाजगी चॅनल तिथे येतात ती लिलावात जागा घेऊन. म्हणून एखादं मराठी चॅनल यंदा असतं आणि पुढच्या वर्षी गायब होतं. बहुतेक फोन एप्रिलच्या सुरुवातीला येतात, कारण जागांची अदलाबदल तेव्हा होते. चॅनल गायब झालं की पहिल्यांदा बॉक्सवर ऑटो स्कॅन करा. सगळी यादी नव्याने भरून येते. तरीही नसेल तर ते चॅनल गेलं. सह्याद्री मात्र दूरदर्शनचंच असल्याने असतं.

शेजाऱ्याकडे जास्त चॅनल आणि तुमच्याकडे कमी, असं असेल तर बॉक्स बघा. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र आवळायच्या जुन्या आणि नव्या पद्धती. जुना एमपेग-२ चा बॉक्स एमपेग-४ मधली चॅनल दाखवू शकत नाही. नवा घेताना एमपेग-४ चाच घ्या.

८. छत्रीचं तोंड कुठे करायचं?

आग्नेयेला. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. मराठवाड्यातून बघितलं तर तो पूर्व आणि दक्षिणेच्या जवळजवळ बरोबर मधे, जमिनीपासून साधारण ६० अंश वर. छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसत नाही, कारण या छत्र्या तिरप्या बनावटीच्या असतात. छत्रीचा पत्रा बघून अंदाज चुकतो, तेव्हा खांबावरच्या कोनाच्या खुणा बघा.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ बघून खूश होऊ नका. ती नुसता एलएनबी जोडला तरी भरते. छत्री बोटभर हलवायची, चार-पाच सेकंद थांबायचं, क्वालिटी बघायची. वरून एकाने ‘आली का?’ आणि खालून दुसऱ्याने ‘आली होती, गेली’ असं ओरडण्याचं कारण हेच, की बॉक्स जरा उशिरा दाखवतो आणि वरचा थांबत नाही. जास्तीत जास्त क्वालिटी मिळाली की एलएनबी त्याच्या पकडीत थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघा, आणखी दोन-चार टक्के मिळतात. मगच नट आवळा.

समोर लिंबाचं झाड किंवा पाण्याची टाकी आडवी येते का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशात याच उपग्रहाच्या जागेजवळ असतो. त्या वेळी छत्रीवर सावली पडत असेल तर ती जागा बाद.

९. पाऊस आला की चित्र अडकायलंय. आणि मधेच चांगल्या उन्हात पण गेलं होतं. काय बिघडलं?

पावसात जाणं हा बिघाड नाही. डीटीएच आणि फ्री डिश दोन्ही केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतात आणि त्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात. मोठी सर गेली की चित्र परत येतं. पण साध्या भुरभुरीतही जात असेल तर क्वालिटी आधीच काठावर आहे, छत्री नीट लावून घ्या. पाऊस उघडल्यावरही तासन्‌तास येत नसेल तर एलएनबीजवळच्या पिनेत पाणी गेलंय. पीन कापून नवी बसवा आणि वर चिकटपट्टी गुंडाळा. केबलची तार असेल तर पावसाचा थेट संबंध नसतो, तिथे जोडातलं पाणी नाहीतर वीज गेल्याने बंद पडलेला मधला अ‍ॅम्प्लिफायर तपासायला सांगा.

उन्हात गेलं ते बहुधा मार्च किंवा ऑक्टोबर असेल. प्रश्न ८ मधला सूर्य ऐन उपग्रहामागे आला की त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवस रोज काही मिनिटं असं होतं. दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.

१०. दूरदर्शन फुकट, फ्री चॅनल फुकट, मग केबलवाला कशाचे पैसे घेतो?

तार तुमच्या घरापर्यंत आणून चालू ठेवल्याचे. त्याला नेटवर्क शुल्क म्हणतात. ट्रायचे (दूरसंचार आणि प्रसारणाचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नवे दर २०१९ च्या फेब्रुवारीपासून घरोघर लागू झाले तेव्हा ते पहिल्या १०० साध्या चॅनलांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. हा आकडा लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की अजून तोच धरून भांडणं होतात. पुढे १३० रुपयांतच २०० चॅनल द्यायचं ठरलं, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढली. आता कंपनीने जाहीर केलेला दर हाच दर.

त्यावर पैसे पडतात ते पे चॅनलचे, म्हणजे विकत घेऊन बघायच्या चॅनलचे. प्रत्येक चॅनलची किंमत बॉक्सच्या यादीत दिसायला हवी. तुम्ही एकेक चॅनल सुटं घेऊ शकता, ‘पॅकच घ्यावं लागेल’ हे कोणी म्हणालं तर ते खरं नाही. अर्थात दहा-बारा सुटी चॅनल घेतली की पॅकपेक्षा महाग पडतं, कारण सगळी सूट पॅकवर ठेवलेली असते. आधी आपण खरोखर काय बघतो त्याची यादी करा. बहुतेक घरांत ती दोन्ही हातांच्या बोटांवर मावते.

११. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालतो का?

नाही. प्रत्येक कंपनी आपल्या चॅनलांना कुलूप लावून पाठवते, आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं असतं. कुठलाही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली, पण तुमच्या-माझ्या घरात ते अजून उतरलेलं नाही. म्हणून कंपनी बदलताना बॉक्सचे पैसे पुन्हा जातात. घेताना एक विचारा: बॉक्स विकत की भाड्याने? पावतीवर लिहून घ्या. भाड्याचा असेल तर परत करताना अनामत मागता येते.

१२. आम्ही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो, सहा महिने घर बंद. काय करावं?

बीड, केज, वडवणी, पाटोद्याकडून हा प्रश्न दरवर्षी येतो. केबल असेल तर जाताना कनेक्शन तात्पुरतं बंद करण्याचा अर्ज द्या आणि तशी नोंद मागा. तोंडी सांगून गेलात तर परत आल्यावर थकबाकीचा वाद होतो. डीटीएच असेल तर रिचार्ज संपू द्या, पण किती महिन्यांनी खातं बंद पडतं ते कंपनीला विचारून ठेवा.

फ्री डिश सोबत नेता येते, बरीच कुटुंबं नेतातही. कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) वीज नसली तरी बरेच बॉक्स १२ व्होल्टवर चालतात, अडॅप्टरवर छापलेलं असतं ते वाचा. टीव्हीही १२ व्होल्टचा असेल तर बॅटरीवर दोन्ही भागतं. मात्र प्लस-मायनस उलटं लागलं की बॉक्स जळतो. कोल्हापूर-सांगलीकडे गेल्यावर छत्री गावाकडच्यापेक्षा किंचित पूर्वेकडे वळवायची, उंचीचा कोन जवळपास तोच राहतो.

१३. घरात दोन टीव्ही आहेत. एका बॉक्सवर भागेल का?

दोन्हीकडे एकच चॅनल चालत असेल तर भागेल, बॉक्समधून टीव्हीकडे जाणारी वायर फोडून घ्या. वेगवेगळं बघायचं तर दोन बॉक्स. दुसऱ्या कनेक्शनचं शुल्क कमी असतं, ते मागून घ्या. फ्री डिशला छत्री एकच ठेवून दोन तोंडांचा एलएनबी लावता येतो.

१४. सरकार फ्री डिशचे बॉक्स मोफत देतंय, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

अर्धं खरं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ‘बाइंड’ नावाची २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाखांहून अधिक बॉक्स मोफत वाटायचं होतं, पण ते दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमेवरच्या भागांत आणि आकांक्षित (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांत. मराठवाड्यातून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आहे. बाकीच्यांनी त्या मेसेजमधल्या लिंकवर आधार क्रमांक टाकू नये. धाराशिवकरांनीही टाकू नये, तहसीलमध्ये जाऊन विचारावं.

१५. बॉक्सशिवाय टीव्ही किंवा मोबाइलवर दूरदर्शन दिसेल का?

इंटरनेट असेल तर दिसेल. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्‌ज’ अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनची चॅनल थेट दिसतात. डेटा मात्र तुमचा. नेटशिवाय थेट मोबाइलवर प्रसारण करण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, त्यावर विसंबून आज काही विकत घेऊ नका.

काही नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. छत्रीची वायर थेट टीव्हीला जोडली की कुलूप नसलेली चॅनल लागतात. त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं मानकही आहे, आयएस १८११२. दुकानात ‘स्मार्ट आहे, सगळं आहे’ असं सांगतात, तेवढ्यावर जाऊ नका. मागे स्क्रू-पिनेचं भोक आहे का ते स्वतः वाकून बघा.

१६. गल्लीत एक छत्री लावून दहा घरांना वायर दिली तर चालेल का? सगळं फ्रीच तर आहे.

चॅनल फ्री असली तरी घरोघर तार टाकून ती पुरवणं म्हणजे केबल सेवा, आणि तिला नोंदणी लागते. पूर्वी ही नोंदणी मुख्य पोस्टात व्हायची, जानेवारी २०२५ पासून ती केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. आपल्याच घराच्या तीन खोल्यांत वायर फिरवायला कोणी अडवत नाही. दहा घरांकडून महिन्याला पन्नास-पन्नास रुपये घ्यायला लागलात की तुम्ही केबलवाले झालात. बॉक्स न देता जुनी अ‍ॅनालॉग तार अजून चालवणारेही यातच येतात. कायद्याने अशा ठिकाणी कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तांना दिला आहे.

१७. केबलवाला ऐकत नाही. तक्रार ट्रायकडे करू का?

ट्राय नियम करतं, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी गावातल्या केबलवाल्याच्या वरची जी कंपनी आहे (बॉक्स चालू होताना तिचं नाव पडद्यावर येतं), तिच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे भागलं नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे जाताना पावत्या लागतात, म्हणून वसुलीला पोरगा दारात आला की ‘पुढच्या महिन्यात देतो पावती’ हे ऐकून घेऊ नका. पैसे ऑनलाइन भरले तर हा प्रश्नच येत नाही.